सोनईचा हॉल आणि चौदाची लेन्स

"ताई, असाल तशा निघा. येताना ते मोठं दाखवनारं भिंग संगं आना. पावने म्हनत्यात, फोटोतलं घर आमचं न्हाईच!"

फोन सोनईच्या आबांचा होता. मी तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॅटलॉगसाठी गिअरचे फोटो काढत होते. रविवार होता, मशीनं बंद होती, म्हणून शांतता. गिअर हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात सभ्य गिऱ्हाईक. हलत नाही, डोळे मिटत नाही आणि 'मला जरा गोरं करा' असं म्हणत नाही.

"तुमचं नाही म्हणजे? तुम्ही आत्ता कुठे आहात?" मी विचारलं.

"घरातच हाये की!"

"मग?"

"त्यांना पटना ना! तुमी या आदी."

मागे चांगलाच गलका ऐकू येत होता. मी कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, "साहेब, मला जरा जावं लागेल. ओळख पटवायला बोलावलंय." साहेबांचा चेहरा एकदम पडला. "अरेरे! जा, जा मॅडम, गिअर काय, उद्या काढू." घराची ओळख पटवायची आहे हे मी काही त्यांना सांगितलं नाही. रविवारी इतक्या सहज सुट्टी पुन्हा कधी मिळणार?

आता हे प्रकरण मुळात काय ते सांगते. माझा नगरला सावेडीत स्टुडिओ आहे. रोलच्या जमान्यापासून मी या धंद्यात आहे. लग्नं, बारशी, सत्कार, कारखाने, बंगले, सगळं केलं. पण अलीकडे एक नवीनच काम सुरू झालंय. मुलाच्या बायोडेटाबरोबर घराचे फोटो पाठवायचे. आधी फक्त मुलाचा फोटो लागायचा. आता मुलगा एका फोटोत आणि हॉल, किचन, गोठा, विहीर, ट्रॅक्टर मिळून दहा फोटोंत. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात आता कुणाला नव्यानं सांगायला नको. मुलीकडच्यांना शेती हवी असते, भरपूर हवी असते, फक्त मुलगा त्या शेतात दिसता कामा नये.

आबांचा प्रवीण मात्र शेतातच दिसायचा. ॲग्रीचा पदवीधर, पस्तिशीला टेकलेला. ऊस, कांदा, गोठ्यात दुभत्या गाई, सगळं व्यवस्थित. तरी स्थळं यायची आणि जायची. मग आबांच्या मेहुण्यांनी, म्हणजे प्रवीणच्या मामांनी, निदान केलं. मामा आमच्या भागातले नावाजलेले मध्यस्थ. ते म्हणाले, दोष पोरात नाही, फोटोत आहे. मोबाईलवर काढलेल्या फोटोत घर खुराड्यासारखं दिसतं. चांगला फोटोग्राफर बोलवा.

झालं. मी गेले. घर चांगलं होतं, नीटनेटकं, पण हॉल बेताचा. सोफा, टीव्ही, दिवाण आणि मध्ये चहाचा ट्रे फिरेल एवढी जागा.

इथे थोडं धंद्याचं सांगावं लागेल, कंटाळू नका. लेन्सवर मिलिमीटरचा एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं जास्त फोटोत मावतं. अशा लहान आकड्याच्या लेन्सला वाइड अँगल म्हणतात. माझ्याकडे तशा तीन आहेत. पस्तीसची लेन्स म्हणजे दारात उभं राहून माणसाला साधारण जेवढं दिसतं तेवढं. चोवीसची म्हणजे मान जरा इकडे-तिकडे फिरवून बघितलं तर दिसेल तेवढं. आणि चौदाची म्हणजे घरमालकाला आपलं घर जेवढं वाटतं तेवढं.

त्यात माझा कॅमेरा फुल फ्रेम. म्हणजे आतला सेन्सर जुन्या रोलच्या एका निगेटिव्हएवढा मोठा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या चित्राच्या कडा कापल्या जातात, त्यामुळे चौदाचा अर्धा माज तिथेच उतरतो. फुल फ्रेमवर चौदाची लेन्स सगळीच्या सगळी मिळते, गुणांसकट आणि अवगुणांसकट. अवगुण असे, की जवळचं मोठं होतं, लांबचं आणखी लांब जातं, आणि कडेला जे असेल ते ओढून ताणल्यासारखं रुंद होतं. कॅमेरा जरा जरी खाली झुकला, तर भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात.

मी हॉलच्या कोपऱ्यात ट्रायपॉड लावला. जागा तीच, उंची तीच, फक्त लेन्स बदलत गेले आणि तीन फोटो काढले. गिऱ्हाईकाला मी नेहमी असं शेजारी-शेजारी ठेवून दाखवते. नंतर 'आम्हाला कुठं माहीत होतं' ऐकावं लागत नाही, अशी माझी समजूत होती.

आबांनी पस्तीसचा फोटो बघितला. "ह्यात तर सोफाबी आर्धाच आलाय."

चोवीसचा बघितला. "बरा हाये."

चौदाचा बघितला आणि ते आणखी जवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "ह्यो... आपला हॉल हाये?"

"तुमचाच आहे. पण आबा, हा पाठवू नका. चोवीसचा पाठवा. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला हॉल असा दिसणार नाही."

"पावने कशाला उबे ऱ्हातील? बसत्याल की!"

यावर कोणत्या फोटोग्राफरकडे उत्तर असतं ते मला कळवा. मामा तर फोटो बघून खूशच झाले. "आबा, ह्याच्यात मंगल कार्यालय बसंल!" म्हणाले. काकू, म्हणजे प्रवीणची आई, एवढंच बोलल्या की एवढा मोठा हॉल झाडायला कोण येणार. त्या घरात शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य मी ऐकलं, आणि ते कुणी मनावर घेतलं नाही.

मग गोठा. तिथे मी आणि प्रवीण दोघंच होतो. हॉलमध्ये 'हा सोफा तिकडं, ती कुंडी इकडं' एवढं निमूट करणारा प्रवीण गोठ्यात आल्यावर असा बोलायला लागला की मी बघतच राहिले. दूध काढायचं मशीन कसं बसवलं, चाऱ्याचा मुरघास कधी भरायचा, कोणती गाय लाथ मारते, कोणती नुसतीच धमकावते, सगळं हसत हसत सांगितलं. चौदाच्या लेन्सपुढे एका गाईनं कुतूहलानं तोंड आणलं. फोटोत तोंड ट्रॅक्टरच्या बॉनेटएवढं आणि मागचं धड शेळीएवढं. प्रवीण पोट धरून हसला.

"ताई, हा पाठवला तर लोक म्हणतील जनावराला रोग झालाय. तो मधला चांगला, चोवीसचा. हॉलचापण तोच चांगला होता. आहे तसं दिसतं."

"मग सांगा ना आबांना."

तो गाईकडे वळला. गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "बघू."

फोटो गेले चौदाचेच. गाय तेवढी मी गुपचूप चोवीसची पाठवली. जनावराची बदनामी मला बघवली नाही.

आणि त्या फोटोंनी काम केलं हो! पाथर्डी तालुक्यातलं एक स्थळ लगेच पुढे आलं. मुलगी कोमल, नगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. मुख्य म्हणजे तिची स्वतःचीच अट होती, की नवरा शेती करणारा चालेल, पण मनापासून करणारा हवा. असं स्थळ आबांच्या दारात पूर्वी आलं नव्हतं आणि पुढे येईल याची खात्री नव्हती. काकूंनी लगेच फोन करून मला सांगितलं. "ताई, एवडं जमलं पायजे हो. पोरगं आतून झुरतंय, बोलत न्हाई." मलाही मनापासून वाटलं, जमावं. माझ्या लेन्सनं आजवर बिल्डरांचे फ्लॅट खपवले होते, एखाद्याचा संसारही उभा राहू दे की.

तर त्या रविवारी पाहुणे घर बघायला आले होते आणि तिथून तो फोन आला होता.

मी सोनईत पोचले तर आबांच्या दारात ही गर्दी! घर बघायला साधारण दहा-बारा माणसं येतात, चुलते, मामा, गावातलं एखादं वजनदार माणूस. इथे गाड्यांमागून गाड्या लागलेल्या. मी प्रवीणच्या मामांना बाजूला घेऊन विचारलं, एवढी माणसं कशी? मामा घाम पुसत म्हणाले, "त्यांनीच इचारलं, किती जनं आनू. म्या म्हनलं, फोटो बघितला न्हवं हॉलचा? आना की सगळे!"

म्हणून सगळे आले होते. सोफ्यावर चौघं कोंबलेले, पाचवा हातावर टेकलेला. दिवाणावर गुडघ्याला गुडघा. बाकीचे दारात, ओट्यावर, आणि उरलेले गोठ्यात गाई बघत उभे. पोह्यांच्या डिश डोक्यांवरून हातोहात पुढे सरकत होत्या. आणि हॉलच्या मधोमध मुलीचे चुलते, नाना, मोबाईल डोळ्यांसमोर धरून पाऊल पाऊल मागे सरकत होते. फोटोत दिसतंय तेवढं डोळ्यांना कुठून दिसतं ते शोधत होते. सरकता सरकता त्यांची पाठ भिंतीला टेकली.

"अजून माघं जायचंय मला," नाना म्हणाले, "पण भिंत आली."

कुणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. आबांकडे वळून म्हणाले, "आबासाहेब, गैरसमज नका करू. पण हे दुसऱ्या कुणाचं घर दिसतंय. आमच्याकडं एकानं पाहुण्याचा बंगला आपला म्हणून दाखवलाय. आमी एकदा फसलेलो हाये."

"आवो सोफा बघा ना, त्योच हाये!" आबा काकुळतीला आले होते.

"सोफा काय, उचलून नेता येतो."

आता सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. आबांनी मला असं पुढे केलं की जणू मी कोर्टातली साक्षीदार. मी ट्रायपॉड उघडला. कोपऱ्यातल्या दोन पाहुण्यांना उठवलं, कॅमेरा पूर्वीच्याच जागी लावला, चौदाची लेन्स चढवली आणि मागचा डिस्प्ले नानांकडे फिरवला. "या, बघा."

नानांनी बघितलं. मग मान वर करून हॉल बघितला. पुन्हा डिस्प्ले बघितला. "आयला!"

"नाना, फोटोतल्या भिंतीकडेच्या लाद्या मोजा. मग इथल्या मोजा. लेन्स वस्तू ताणते, पण नवीन लाद्या बसवत नाही."

नानांनी खरंच मोजल्या. दोनदा मोजल्या. बरोबर आल्या. मग ओळच लागली. एकेक पाहुणा येऊन डिस्प्लेत डोकावायचा, 'आयला' म्हणायचा आणि पुढे सरकायचा. एक गृहस्थ कडेला उभे राहिले होते. स्वतःचं ताणलेलं पोट बघून त्यांनी पोह्यांची डिश तिथेच खाली ठेवली. वातावरण एकदम निवळलं. आबांच्या जिवात जीव आला. नाना तर मला म्हणाले, "मॅडम, आमच्या धाकट्याचंबी बघायचं हाये औंदा. आमच्या घराचं कधी काढता?" फसवणूक म्हणून ज्याच्यावर ओरडत होते ते यंत्र दहा मिनिटांत त्यांना स्वतःला हवं झालं. माणसाचं असंच असतं, आपण चिडतो ते लेन्स दुसऱ्याकडे आहे म्हणून.

तेवढ्यात आतून कोमल आली. ती स्वयंपाकघराच्या दारात बायकांमध्ये बसली होती. "मला बघू द्या," म्हणाली. बायकांमध्ये जरा कुजबुज झाली, पण ती सरळ कॅमेऱ्याशी येऊन उभी राहिली. लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर काम करणारी मुलगी, भिंगाला बिचकणार थोडीच. मी तिला तिन्ही लेन्स एकामागून एक लावून दाखवल्या. तिनं नीट, वेळ घेऊन बघितलं.

"मॅडम, तुम्ही असता तर कोणता पाठवला असता?"

"चोवीसचा."

"मला पण तोच बरा वाटतो. घर छान आहे की. ताणायची काय गरज होती?" मग ती प्रवीणकडे वळली. तो दारात, हातात पाण्याचा जग घेऊन उभा होता. "तुम्हाला कोणता आवडला होता?"

साधा प्रश्न. ह्याचं उत्तर मला माहीत होतं. गोठ्यात, हसता हसता, न विचारता त्यानं दिलं होतं.  म्हटलं, बोल बाबा, तीन अक्षरं आहेत. चो-वी-स.

प्रवीणनं आबांकडे बघितलं.

आबा हसून म्हणाले, "त्याला काय, आमी म्हनू ते!"

"पोरगं शब्दाबाहेर न्हाई बरं का," मामांनी लगेच जोड दिली. सगळे हसले. कौतुकानं हसले. नानांनीसुद्धा मान डोलावली.

कोमल हसली नाही. "मी त्यांना विचारलंय," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "प्रवीण, सांगा की. गोठ्यात मला म्हणालात ते."

त्याचे कान लाल झाले. जग या हातातून त्या हातात गेला. एकदा त्यानं कोमलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शेवटी पुन्हा बापाकडे.

"आबा म्हणतील तो," तो म्हणाला.

"बरं," कोमल म्हणाली आणि आत गेली.

हॉलमध्ये कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चहा झाला, टोप्या-उपरणी झाली, निघताना गळाभेटी झाल्या. आबा मला गाडीपर्यंत सोडायला आले. "ताई, तुमच्यामुळं जमलं बगा!" काकूंनी माझ्या गाडीत जबरदस्तीनं कांद्याची पिशवी ठेवली.   एवढ्या आनंदात माणसाला 'तुमचं घर ओळखलं गेलं, मुलगा राहिला' असं कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी निरोप आला. नकार. घर पसंत, शेती पसंत, घरची माणसं पसंत. मुलगी नाही म्हणते. मामांनी फार खोदून विचारलं तेव्हा नानांनी ओशाळून सांगितलं, "पोरगी म्हणती, सासऱ्यांशी बोलणं झालं. नवऱ्याशी कुठं झालं?"

हे मला आबांनीच फोनवर ऐकवलं, आणि तेही रागानं. "तोंडाळ हुती हो पोरगी! भर बैठकीत उठून कॅमेऱ्यात बघती म्हंजी काय! सुटलो म्हना. पर चूक आपली झाली, ताई."

क्षणभर मला वाटलं, आबांना उमगलं.

"चूक भिंगाची झाली," ते म्हणाले. "लईच मोठं दाखवलं आपन. आता एक राहुरीकडचं स्थळ हाये. ह्या येळी मदल्या भिंगानं काढू."

मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पस्तिशीचा, शिकलेला, गोठ्यात तास तास बोलू शकणारा माणूस. त्याचं लग्न बाप आणि मामा भिंगं बदलून जमवायला निघालेत, आणि तो स्वतः पाण्याचा जग धरून उभा. मी म्हटलं, "आबा, प्रवीणला विचारलंत का, असे फोटो पाठवायचे का म्हणून?"

"त्याला काय इचारायचं? तो कुठं न्हाई म्हनतोय?"

"मग असं करू. या वेळी फोन प्रवीणला करू द्या. तो म्हणेल तेव्हा येईन, तो म्हणेल त्या लेन्सनं काढीन. तुम्ही सांगितलेलं मी ऐकणार नाही."

आबा थोडे दुखावले. "बरं, सांगतो त्याला फोन करायला," म्हणाले. म्हणजे हेही तेच सांगणार होते.

फोटोग्राफीचे क्लास घेताना मुलं मला विचारतात, मॅडम, एकच वाइड घ्यायची तर कोणती घ्यावी? मी सांगते, चोवीस घ्या. चौदाची हौस असेल तर भाड्यानं आणा, वापरा, परत करा. नाहीतर प्रत्येक गिऱ्हाईक तीच मागतं आणि मग ओळख पटवायला रविवारी धावावं लागतं.

आठवडाभरानं प्रवीणचा फोन आला. त्याचा नंबर बघून मला इतका आनंद झाला की मी चालू शूट सोडून बाहेर आले.

"ताई, फोटो काढायचेत. येता का?"

"येते की! बोला, कोणती लेन्स आणू?"

 मागे गाय हंबरली. मी वाट बघितली.

"थांबा," तो म्हणाला, "आबांना विचारून सांगतो."

मी तिन्ही लेन्स बॅगेत भरल्या. कॅमेऱ्यावरची लेन्स बदलायला मला अर्धं मिनिट लागतं. त्यापुढची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही.